एक वाक्य सोडून व्हय म्हाराजा

अँटॉप हिल, ५ जानेवारी

तीर्थरूप आबांस,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण या भाड्याच्या घरात माणूस आडवा झाला की पाय बाथरूमच्या दाराला लागतात. म्हणून उभ्यानेच.

पाकीट पाहून दचकू नका. सगळी खुशाल आहेत. मी भांडायला लिहीत नाही आणि समेटालाही लिहीत नाही. हा माझा गृहपाठ आहे. तुम्हांला आवडो न आवडो, मी बिझनेस स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला बसते आहे. फेब्रुवारी संपता संपता पेपर आहे. गणिताची भीती नाही. तुमच्यासारख्या बेस्टच्या कंडक्टरच्या मांडीवर वाढलेल्या पोरीला हिशेब शिकवावा लागत नाही. माझं घोडं पेंड खातं ते व्हर्बलमध्ये. इंग्रजीत एक उतारा देतात आणि विचारतात, लेखकाला काय म्हणायचंय, ते कशाने बळकट होईल, कशाने पडेल. शब्दन् शब्द कळतो, तरी उत्तर चुकतं.

म्हणून ऑफिस सुटलं की परळहून ठाकूरद्वारला मृणालिनी मॅडमकडे जाते. जुन्या गिरगावकर बाई. घरात पुस्तकं इतकी की पाहुण्याने बसायचं तर आधी दोन-चार उचलून ठेवायची. त्यांची शिस्त अशी की वाचलेला उतारा अशा माणसाला आपल्या भाषेत लिहून सांगायचा, ज्याला त्यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला कळला तरच तुला कळला. मी म्हटलं, "आईला सांगते." मॅडम म्हणाल्या, "आई तुला हो म्हणेल गं. चटकन हो न म्हणणारं माणूस शोध." मला दुसरं नाव सुचलंच नाही. त्यांनी विचारलं, आबा म्हणजे आजोबा का? म्हटलं, नाही, पप्पांचे थोरले भाऊ, पण पप्पांनाही त्यांनीच वाढवलंय.

तर ऐका. एका बेटावर समुद्रपक्षी घरटी करायचे. तिथे जहाजांतून उंदीर आले आणि अंडी खायला लागले. लोकांनी उंदरांवर मांजरं सोडली. मांजरांनी उंदीर सोडून पक्षीच खाल्ले. लेखकाचं म्हणणं असं, की एक चूक निस्तरायला घाईने दुसरा उपाय आणू नये. कळलं का, ते कळवा. नाही कळवलंत तरी मी लिहिणारच.

नारळ देव्हाऱ्यात आहे. ऑक्टोबरात चाळ पाडून नवी बांधणार म्हणून नायगावची खोली रिकामी करताना तुम्ही उंबऱ्यावर ठेवलात आणि न फोडताच गावी निघून गेलात, तोच. तो खायचा की विसर्जन करायचा हे कुणालाच माहीत नाही, म्हणून आई रोज त्याला हळदकुंकू लावते.

दर्शना


अँटॉप हिल, १८ जानेवारी

तीर्थरूप आबांस,

लवूकाकांचा फोन आला होता. म्हणाले, "रामूभाव पत्र वाचतत, चष्मो पुसतत, परत वाचतत. पण तोंडातसून शबूद नाय." म्हणजे पत्र पोचलं. शेजार असावा तर लवूकाकांसारखा, बातमी फुकट घरपोच.

आज उतारा नाही, आज माझी फजिती सांगते. मॅडमनी माझी सगळी चुकलेली उत्तरं समोर मांडली आणि म्हणाल्या, "दर्शना, लेखकाचं म्हणणं बळकट कशाने होईल असं विचारलं, की तुझं उत्तर बरोबर. कशाने पडेल असं विचारलं, की चूक. पाडायला म्हणून जातेस आणि त्यालाच टेकू देऊन येतेस. असं का?"

उदाहरण देते. एका गावात रस्त्यावर दिवे लावले. त्या वर्षी चोरीच्या तक्रारी वाढल्या. लेखक म्हणतो, दिव्यांमुळे चोरांचं फावलं. हे म्हणणं कशाने पडेल? मी उत्तर निवडलं, उजेडात चोरांना कुलूप नीट दिसतं. मॅडमनी कपाळाला हात लावला. खरं उत्तर होतं, त्याच वर्षी गावात पोलीस चौकी उघडली. आधी चोऱ्या होतच होत्या, तक्रार करायला जागा नव्हती.

मी खूप विचार केला आणि मग मलाच हसू आलं. म्हटलं, मॅडम, हे आमच्या घरात आहे. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. घरातला थोरला पुरुष एकेक वाक्य बोलतो, आणि बाकी सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला म्हणायचं, "व्हय म्हाराजा". मॅडमना हे ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, करून दाखव. मग मी त्यांच्या दिवाणखान्यात, भिंतीवरच्या त्यांच्या पगडीवाल्या पूर्वजांसमोर, तुमच्या आवाजात सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, आई सातेरी, आज जां काय ह्या लेकरान श्रीफळ ठेवलेला आसा, तां मान्य करून घे, म्हाराजा!" मॅडम अगदी स्वच्छ म्हणाल्या, "होय, महाराजा." मी म्हटलं, "व्हय, मॅडम, व्हय." तिसऱ्या वाक्याला त्यांना जमलं, आणि मग त्या थांबायलाच तयार नव्हत्या.

तर आबा, रोग सापडला. बोबडं बोलत होते तेव्हापासून मी कुणीही वाक्य टाकलं की व्हय म्हणते आहे, आणि तेही सगळ्यांत मोठ्याने. ती सवय हाताशी धरून इंग्रज लेखकालाही व्हय म्हाराजा.

मॅडमनी विचारलं, "एकदाही गप्प राहिली नाहीस?"

म्हटलं, एकदा. आणि सांगितलं त्यांना. खोली रिकामी झालेली, सामान टेम्पोत, आम्ही सगळे उंबऱ्याशी. तुम्ही पप्पांच्या ब्लडप्रेशरसाठी मागितलंत, आईच्या गुडघ्यासाठी मागितलंत, नवीन घर लवकर मिळावं म्हणून मागितलंत. सगळ्याला व्हय. मग तुम्ही म्हणालात, "आणि म्हाराजा, ह्या चेडवाच्या डोक्यातला शिक्षणाचा याड काढून टाक, आणि वरसाच्या आत तिका तिच्या घराक लाव." माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. मी व्हय न म्हटल्यावर बाकीच्यांचं व्हयसुद्धा मध्येच विरलं. तुम्ही वळून बघितलंत आणि तेच वाक्य पुन्हा म्हणालात. मी पुन्हा गप्प. मग तुम्ही नारळ तिथेच ठेवलात आणि चपला घातल्यात.

मॅडमनी चुकलेल्या उत्तरांचे कागद पुन्हा माझ्याकडे सरकवले. मग म्हणाल्या, "तेव्हा केलंस ना, तेच पेपरात कर. सगळं ऐक. ज्या वाक्याला तुझ्या तोंडून व्हय निघणार नाही, तिथे थांब. तिथेच उत्तर असतं."

त्या दिवसापासून उत्तरं बरोबर यायला लागली आहेत. हे तुमच्यावर चिडून लिहीत नाही. खरंच येताहेत.

दर्शना


अँटॉप हिल, ३० जानेवारी

तीर्थरूप आबांस,

तुमचं कार्ड आलं! पप्पांनी खालून वर येईपर्यंत जिन्यातच वाचलं, मग मोठ्याने आईला वाचून दाखवलं, मग मला फोनवर. त्यामुळे कार्ड माझ्या नावाचं असून मी तिसऱ्या नंबरला.

तुम्ही लिहिता, "चि. दर्शूस आशीर्वाद. मांजरांचो काय दोष? उंदीर कोणी हाडलो तां आधी विचार. जहाजवाल्यांनी. तेंका कोण काय बोलणा नाय. दिव्यांचा म्हणशीत तर आमच्या वाडीत दिवो लागल्यापासून चोर सोड, पावणोसुदा येणा नाय. तुझो लेखक कधी गावाक रवललो दिसणा नाय."

आबा, तुम्ही नापास. उताऱ्यात नाही ते आणायचं नाही, हा व्हर्बलचा पहिला नियम. आपली वाडी उताऱ्यात नाही. जहाजवाल्यांवर तर प्रश्नच नाही. पण मॅडमना कार्ड दाखवलं तर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. म्हणाल्या, "या गृहस्थांना शिकवायला मजा आली असती. रोज भांडण."

आता तोच नियम मी तुमच्या कार्डाला लावला. कार्डात "राग गेला" असं नाही. "मी येतो" असं नाही. पेपरचं नावही नाही. ते मी माझ्या मनाने आणायचं नाही. पण "आशीर्वाद" आहे. तो उताऱ्यातच आहे, आणि तुमच्याच अक्षरात. तेवढा मी घेतला.

इथली हालहवाल अशी. पप्पा सकाळी पूजा झाली की नारळ उचलतात, कानाशी धरून हलवतात आणि म्हणतात, "पाणी आसा हा अजून." मग परत ठेवतात. आई म्हणते, "डॉक्टर लागून गेले." पण पप्पा ऑफिसला जायच्या घाईतही ते चुकवत नाहीत.

पेपर जवळ आला आहे. मी दहावीला बसले तेव्हा तुम्ही गाऱ्हाणं घातलंत. पप्पांच्या ऑपरेशनला घातलंत. घरी टीव्ही आणला तेव्हासुद्धा घातलंत, आणि तो मेला अजून चालतो. या घरातलं कुणीही तुमच्या गाऱ्हाण्याशिवाय मोठ्या कामाला उंबरा ओलांडून गेलेलं नाही. मी मागत नाहीये हं. उतारा म्हणून लिहिलं.

दर्शू


अँटॉप हिल, १४ फेब्रुवारी

तीर्थरूप आबांस,

नारळ वाजायचा बंद झाला.

पप्पांनी नेहमीसारखा हलवला, पुन्हा हलवला, दुसऱ्या कानाशी नेला. मग काही न बोलता जाग्यावर ठेवला आणि डबा न घेता कामाला गेले. आई डबा घेऊन बसस्टॉपपर्यंत धावली, तेही त्या गुडघ्याने. संध्याकाळी मी म्हटलं, पप्पा, तुम्हीच घाला ना गाऱ्हाणं आणि फोडून टाका. ते तयार झाले. हात जोडले, "बा देवा म्हाराजा" म्हणाले, रवळनाथाचं नाव घेतलं, सातेरीचं घेतलं, आणि तिसऱ्या देवाला अडकले. आई म्हणाली, "ऱ्हवांद्या, देव रागावतले." पप्पा हसले, पण त्यांचे डोळे भरले होते.

आता खरं लिहिते. मॅडमनी गृहपाठ फक्त पहिल्या आठवड्यापुरता दिला होता. उंदीर-मांजरांनंतरचं एकही पत्र गृहपाठ नव्हतं. मला तुम्हांला लिहायचंच होतं, आणि त्याला निमित्त हवं होतं. मला तुमची फार आठवण येते, आबा. चिडचिड करायला घरात माणूसच उरलेलं नाही.

मॅडमनी आणखी एक शिकवलं. कुणी ठामपणे काही सांगतं तेव्हा त्याखाली एक न बोललेलं वाक्य असतं. तो ते गृहीत धरून चालतो. ते शोधायचं. ते खोटं ठरलं की वरचं पडतं. मी तुमचं ऑक्टोबरचं वाक्य घेऊन बसले. इतके दिवस मला वाटत होतं की त्याखाली लिहिलंय, पोरीने शिकून काय करायचंय. पण ते बसेना. मला इंग्रजी शाळेत घालायला पप्पांशी तुम्ही भांडलात. ग्रॅज्युएशनचे पेढे चाळभर तुम्ही वाटलेत. मग तुम्हांला शिक्षणाचं वावडं कसं असेल? काल रात्री भात वाढताना आई सहज बोलली, "ती मुंबईभायर जातली म्हटल्यार त्या दिवशी भाऊजी जेवले नाय." तेव्हा ते बसलं. न बोललेलं वाक्य असं होतं, की ही लांब गेली म्हणजे गेलीच. लग्न करून गेली तर निदान सणाला येईल. शिकायला गेली तर आपल्याला विसरेल.

आबा, हे गृहीत चूक आहे. माझ्यापाशी पुरावा आहे. तुम्ही लांब गेलात, तर मी तुम्हांला विसरले का?

तुमच्या गाऱ्हाण्यातल्या सगळ्या वाक्यांना माझं व्हय होतं, एक सोडून. त्या एकाला आजही नाही, उद्याही नसेल. ते पडलं म्हणून बाकीचं गाऱ्हाणं पडत नाही. तुम्ही मात्र सगळंच उचलून घेऊन गेलात.

आता मागते, सरळ मागते. पेपर अठ्ठावीस तारखेला आहे, शनिवारी. घरातून आठ वाजता निघायचं. माझ्यासाठी गाऱ्हाणं घाला. गावच्या देवळात घातलंत तरी चालेल. फक्त ते एक वाक्य त्यात नको.

तुमची दर्शू


अँटॉप हिल, १ मार्च

तीर्थरूप आबांस,

साष्टांग नमस्कार. यावेळी खरंच घातला, बाथरूमचं दार उघडून.

काल फोनवर तुम्हांला फक्त आमचे आवाज आले. इकडे काय चाललं होतं ते दिसलं नाही, म्हणून सांगते.

तुमच्याकडून पत्र नाही, निरोप नाही. लवूकाकाही गप्प, म्हणजे तुम्ही त्यांना दम दिला असणार. मी तयार होऊन चपला शोधत होते. आईने हातावर दही घातलं. पप्पा देव्हाऱ्याकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि लवूकाका धापा टाकत म्हणाले, "दीपक, रेंज गावता म्हणान रामूभावांका घेऊन सड्यार इलंय. लवकर स्पीकर लाव, वारो सुटलोसा." सत्तरीच्या माणसाने डोंगरमाथ्यावरचा सडा चढायचा, तोही फोनसाठी! लवूकाकांना मी ओरडणारच होते, पण तुमचा आवाज आला. "दीपक, नारळ उंबऱ्यार ठेव."

पप्पांनी नारळ ठेवला. आईने गॅस बंद केला, डोक्यावर पदर घेतला. समोरच्या फ्लॅटमधल्या पूर्वी नावाच्या शेजारणीने आवाज ऐकून दार उघडलं आणि तीही हात जोडून उभी राहिली, तिला यातलं काही कळत नसताना.

तुम्ही रवळनाथाला हाक मारलीत, सातेरीला मारलीत, आणि पप्पा जिथे अडकतात त्या सगळ्या देवांना ओळीने मारलीत. आम्ही व्हय म्हाराजा म्हणत होतो. पप्पांचा आवाज इतका चढला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. तुम्ही म्हणालात, "ऱ्हवलेला गाऱ्हाणा आज पुरा करतंव, चुकला माकला पदरात घे." व्हय म्हाराजा. मग मागण्याची वेळ आली, आणि तुम्ही थांबलात. मला वाटलं रेंज गेली. पप्पा फोन हलवायला लागले, नारळासारखा.

मग तुम्ही म्हणालात, "दर्शू, फुडचा तू सांग. तुझा मागणा तुझ्या तोंडान."

आबा, आपल्याकडे कुठल्या बाईने कधी गाऱ्हाणं घातलेलं मी पाहिलेलं नाही. आईने माझ्याकडे बघितलं, पप्पांनी आईकडे. मी काही ठरवलं नव्हतं, जे आलं ते बोलले. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेक परीक्षेक जाता, तिका शांत डोक्यान वाचूक दी. तिचा काम झाला तर ती लांब जातली. तेवा तिका सुखान जावंक दी, आणि परत येवची वाट तिच्या डोळ्यांआड करू नको. आणि तिची वाट बघणारो माणूस तिच्या घरात आसांदे, रागान लांब नको, म्हाराजा."

बोलून झालं आणि कुणीच काही म्हणेना. आई-पप्पांना कळेना, हिच्या गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचं की नाही. मला ऑक्टोबरातला तो उंबरा आठवला. माझं वाक्य तिथेच पडून राहणार असं वाटलं.

आणि फोनमधून, वाऱ्याच्या घोंगाटात, तुम्ही एकटे म्हणालात, "व्हय म्हाराजा."

मी तुमच्या तोंडून ते दोन शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकले. तुम्ही नेहमी वाक्य टाकणारे. त्यानंतर आई म्हणाली, पप्पा म्हणाले, समोरची पूर्वीसुद्धा म्हणाली. मी रडत होते आणि आई ओरडत होती, "काजळ पसारता, काजळ पसारता!"

नारळ फोडताना सगळ्यांना एकच धास्ती होती, पण बोललं कुणी नाही. इतके महिने ठेवलेला, आत कुजका निघाला तर? पप्पांनी डोळे मिटून आपटला. पाण्याचा थेंब नव्हता. पण खोबरं पांढरंशुभ्र, आणि वास इतका गोड की आईने पहिल्यांदा तो हुंगला आणि मग देवाला दाखवला. देवाने एवढं चालवून घ्यावं.

पेपरचं म्हणाल तर व्हर्बलमध्ये माझा जीव शांत होता. एका उताऱ्यात कुणी विद्वान फार ठासून बोलत होता. मी त्याची सगळी वाक्यं ऐकून घेतली, तिसऱ्याला व्हय निघेना, तिथे थांबले. शेवटी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच गुणांचा आकडा आला. मी बाहेर येऊन मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरा आहे." त्यांच्या तोंडी बरा म्हणजे गिरगावात साखर वाटायची. आता मुलाखती आहेत, मग कळेल कुठलं शहर ते. बहुतेक मुंबईबाहेरच. हे लपवून ठेवत नाही. आणि वर्षाच्या आत घराक लावायचं जे तुम्ही मागितलं होतंत, त्याची मुदत ऑक्टोबरात संपते. देवाकडून वाढवून घ्या.

नारळाच्या दोन वाट्या झाल्या. एक किसून आईने साखर घातली आणि मजलाभर वाटली. मला वाटलं, दुसरी तुम्हांला या पत्रातून पाठवावी. पण ती पाकिटात मावत नाही. देव्हाऱ्यात झाकून ठेवली आहे. शिमगा आटोपला की येऊन घेऊन जा.

तुमची दर्शू